जुनी यांत्रिक होडी : दुरुस्ती की निर्लेखन?

कोकणात खाडीकाठच्या गावी एखादी जुनी, लाकडी यांत्रिक होडी किनाऱ्यावर ओढून ठेवलेली आढळते. ती ग्रामपंचायतीची किंवा मच्छीमार सहकारी संस्थेची असेल, तर तिच्या दुरुस्तीचा विषय केव्हा ना केव्हा सभेपुढे येतो आणि चर्चा बहुधा इंजिनाभोवतीच फिरते. वस्तुतः इंजिन हा या प्रश्नातील गौण भाग होय. इंजिन बदलता येते. परंतु होडीचा तळकणा सडला असेल, तर दुरुस्तीच्या नावाखाली नवी होडीच बांधावी लागते, आणि तीही अधिक खर्चाने.

म्हणून पाहणीचा आरंभ तळापासून व्हावा. तळकणा, त्यावर बसविलेले वाक आणि नाळेचा सांधा ही ठिकाणे आरीने टोचून पाहावीत. आरी सहज आत गेली किंवा हातोडीच्या ठोक्याला बद्द आवाज आला, तर लाकूड आतून गेले असे समजावे. वरचा ताजा रंग कित्येकदा हाच दोष झाकतो. लोखंडी खिळे गंजले असल्यास त्यांच्या भोवतालचे लाकूडही मऊ पडते, हे लक्षात घ्यावे.

लाकूड समुद्राच्या पाण्याने सडते, असा सर्वसाधारण समज आहे. सडविणाऱ्या बुरशीला मात्र पावसाचे गोडे पाणीच अधिक मानवते. पावसाळ्यापूर्वी झापांनी होड्या शाकारण्याची जुनी रीत शास्त्रशुद्ध आहे, ती यामुळेच. खाऱ्या पाण्यातला शत्रू निराळा. लाकूड पोखरणारा हा प्राणी किडा म्हणून ओळखला जातो. पण तो शिंपल्याच्या कुळातला आहे. बाहेर टाचणीच्या टोकाएवढे छिद्र आणि आत बोटाएवढे बोगदे, असे त्याचे काम असते. अशी छिद्रे दिसल्यास एखादी फळी काढूनच खात्री करावी.

याउलट, फटी पाहून घाबरण्याचे कारण नाही. बरेच महिने कोरड्यात राहिलेल्या होडीच्या फळ्या आकसतात व पाण्यात गेल्यावर पुन्हा फुगतात. अशा फटी घाईने ठासून भरल्या, तर फुगणाऱ्या फळ्यांवर ताण येऊन खिळे सैल होतात.

तळ निर्दोष ठरल्यावरच इंजिन, आस व पंखा यांची तपासणी करून एकत्रित अंदाजपत्रक करावे. नौका बांधणाऱ्या अनुभवी सुताराचे लेखी मत त्यास जोडावे. प्रवासी नेण्यासाठी होडी वापरावयाची असेल, तर सर्वेक्षण व नोंदणी यांचाही विचार आधीच व्हावा. १९१७ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२१ च्या अंतर्देशीय जलयान अधिनियमात यांत्रिक जलयानांसाठी त्याची तरतूद आहे. प्रमाणपत्र मिळणार नसेल, तर केलेला खर्च किनाऱ्यावरच पडून राहील. होडी निकामी ठरल्यास इंजिन, सुकाणू, नांगर व धड फळ्या यांची वेगवेगळी किंमत करून मगच निर्लेखनाचा ठराव मांडावा. अखंड होडी भंगारात काढल्यास संस्थेच्या पदरी फारच थोडे पडते.