मांडीतला आठ हजार किलोमीटरचा धागा

मांडीच्या बाहेरच्या बाजूला भूल देऊन एक जाड सुई आत घालतात आणि स्नायूचा कण काढून घेतात. वजन साधारण शंभर मिलिग्रॅम, म्हणजे तांदळाचे चार-पाच दाणे. स्वीडनच्या जोनास बर्गस्ट्रॉम यांच्या १९६२ च्या लेखानंतर ही सुई जगभरच्या प्रयोगशाळांत गेली. म्हातारपणात स्नायूंचे काय होते याबद्दल आज जे बारीकसारीक ठाऊक आहे, त्यातले बरेचसे या चार-पाच दाण्यांतून निघालेले आहे.

त्या दाण्यांत किती काय मावते, याचा ढोबळ हिशेब मांडू. स्नायूचा तंतू ही एकच लांबलचक पेशी, पण तिच्यात केंद्रके शेकड्यांनी, हजारांनी असतात. एका केंद्रकाच्या वाट्याला २५ हजार घन मायक्रॉन जागा धरली, तर एका घन मिलिमीटरात ४० हजार केंद्रके येतात आणि शंभर मिलिग्रॅममध्ये ४० लाख. प्रत्येकात सुमारे दोन मीटर डीएनए. म्हणजे ८० लाख मीटर, आठ हजार किलोमीटर. या धाग्याचे एक टोक पुण्यातल्या आमच्या बिबवेवाडीत महेश सोसायटी चौकातल्या खांबाला बांधले आणि दुसरे घेऊन कोणी निघाला, तर तो लंडनला पोचेल आणि वर काही शे किलोमीटर धागा हातात उरेल. हिशेबात पंचवीस टक्क्यांची चूक निघाली तर विमानतळ बदलेल, इतकेच.

आता अंगातले सगळे स्नायू घ्या. बारीक चणीच्या माणसाचे वीस किलो धरू. केंद्रके ८० हजार कोटी, धागा १६० कोटी किलोमीटर. सूर्यापासून शनी सरासरी १४३ कोटी किलोमीटरवर आहे. बिबवेवाडीतल्या अप्परच्या चढावर धापा टाकत थांबलेल्या आजोबांच्या अंगात एवढे सामान आहे, हे बसथांब्यावरच्या कोणालाही सांगून खरे वाटणार नाही.

आणि या धाग्यावर लिहिलेला मजकूर विसाव्या वर्षी होता तोच ऐंशीव्या वर्षी असतो. इथेतिथे किरकोळ बिघाड होतात, पण सुमारे तीनशे कोटी अक्षरांची ती संहिता आणि तिच्यातली प्रथिने बनवणारी वीस हजारांच्या आसपास जनुके, हा साठा बदलत नाही. मग म्हातारपण येते कुठून? त्याचा मोठा भाग वाचण्यात आहे. मूळ ग्रंथ ग्रंथालयाबाहेर जात नाही, बाहेर जाते ती झेरॉक्स. पेशीतही मूळ डीएनए केंद्रकातच राहतो आणि लागेल त्या जनुकाची आरएनए ही प्रत बाहेर पडते. तिच्यावरून प्रथिन तयार होते. कोणत्या जनुकाच्या किती प्रती निघाल्या, हे मोजले की ते जनुक किती जागे आहे ते कळते.

ही प्रत काढणे किती किचकट असते, त्याचे डिस्ट्रोफिन हे एक उदाहरण पुरे. स्नायूचा तंतू आकुंचन पावताना फाटू नये म्हणून त्याच्या आवरणाला आधार देणारे हे प्रथिन. त्याचे जनुक सुमारे २२ लाख अक्षरांचे. वाचक यंत्रणा टोकापासून टोकापर्यंत जायला जवळजवळ १६ तास घेते. पहाटे सहाला तळजई टेकडीच्या पायथ्याशी सुरुवात केली, तर रात्री दहाला एक प्रत हाती. प्रत निघत असतानाच या २२ लाखांतला ९९ टक्क्यांहून जास्त मजकूर कापून टाकला जातो आणि कामाची अक्षरे उरतात जेमतेम १४ हजार. सरकारी कचेरीलाही लाजवणारा हा कारभार आपल्या मांडीत अखंड चालू असतो. डिस्ट्रोफिन बिघडले तर ड्युशेनसारखा स्नायू झिजवणारा आजार होतो आणि मुलाचे चालणे लहानपणीच सुटते, तेव्हा या दिरंगाईला हसण्यात अर्थ नाही.

वयाकडे वळू. स्वीडनचे यान लेक्सेल आणि सहकाऱ्यांनी १५ ते ८३ वर्षांच्या ४३ पुरुषांच्या मांडीचा एक अख्खा स्नायू मृत्यूनंतर आडवा कापून तपासला आणि १९८८ मध्ये निष्कर्ष छापले. वीस ते ऐंशी या वयात त्या स्नायूचे क्षेत्र सरासरी ४० टक्क्यांनी घटलेले होते. घट तंतू बारीक होण्याने झाली, पण त्याहून जास्त तंतूंची संख्याच कमी झाल्याने. आणि तिची सुरुवात पंचविशीच्या सुमारास झालेली दिसली. म्हणजे लग्नपत्रिका छापायला जातो तेव्हाच मांडीतली गळती सुरू झालेली असते.

आता मुख्य आकडा. २००७ मध्ये अमेरिकेतल्या बक इन्स्टिट्यूटचे सायमन मेलोव्ह आणि कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठाचे मार्क टार्नोपॉल्स्की यांनी २५ वृद्ध आणि २६ तरुणांच्या स्नायूंची तुलना केली. वृद्धांचे सरासरी वय सत्तर, सगळे निरोगी. तरुण आणि वृद्ध यांच्यात ५९६ जनुकांची सक्रियता वेगळी निघाली. त्यातही ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियाशी संबंधित जनुकांचा भरणा मोठा होता. ताकदीत वृद्ध ५९ टक्क्यांनी मागे होते.

मग त्यांतल्या १४ जणांना सहा महिने वजनाचा व्यायाम दिला. आठवड्यातून दोनदा, दर वेळी तासभर, साध्या व्यायामशाळेतल्या यंत्रांवर. सहा महिन्यांनी पुन्हा सुई घातली. वय आणि व्यायाम या दोन्हींशी जोडलेल्या १७९ जनुकांची चाल उलटी फिरून तरुणांच्या दिशेने सरकली होती. ताकदीतली तूट ५९ वरून ३८ टक्क्यांवर आली.

यातला अचंबा १७९ मध्ये नाही, तासांमध्ये आहे. सहा महिने म्हणजे २६ आठवडे, आठवड्याला दोन तास, एकूण ५२ तास. सत्तर वर्षे जगलेल्या माणसाने तोवर सुमारे सव्वासहा लाख तास घालवलेले असतात. त्या आयुष्याच्या बारा हजारांत एका भागाएवढ्या वेळाने ही उलथापालथ केली. १४ माणसे ही संख्या लहानच, हे मान्य. जनुके तरुणासारखी बोलू लागली म्हणजे माणूस तरुण झाला, असेही नाही, कारण गेलेले तंतू परत येत नाहीत. पण उरलेल्यांकडून केवढे काम काढता येते, हे १९९० मध्येच दिसले होते. बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा अशक्त रहिवाशांना मारिया फियाटारोन यांनी आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावले. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

हा फरक नक्की व्यायामाचाच, खाण्यापिण्याचा किंवा स्वभावाचा नाही, हे कसे समजायचे? स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेने त्यावर नामी युक्ती काढली. २३ स्वयंसेवकांना तीन महिने एकाच पायाने सायकल मारायला लावली, आठवड्यातून चारदा, ४५ मिनिटे. दुसरा पाय स्वस्थ. माणूस तोच, जेवण तेच, झोप तीच, जनुकेही तीच. दोन्ही मांड्यांमधल्या डीएनएवरचे चार लाख ऐंशी हजारांहून जास्त ठिकाणचे रासायनिक शिक्के त्यांनी तपासले. हे मिथाइलचे शिक्के जनुक वाचायचे की नाही, हे ठरवायला हातभार लावतात. व्यायाम केलेल्या पायात सुमारे पाच हजार ठिकाणचे शिक्के बदललेले निघाले.

त्याहून मजेदार २०१८ चा ब्रिटिश प्रयोग. आठ तरुणांनी सात आठवडे वजने उचलली, सात आठवडे सोडली, पुन्हा सात आठवडे उचलली. साडेआठ लाखांहून जास्त जागा तपासल्या. पहिल्या फेरीनंतर ९,१५३ जागांवरचे शिक्के उतरले होते, दुसऱ्या फेरीनंतर १८,८१६ जागांवरचे. स्नायूही दुसऱ्या खेपेला जास्त भरला. व्यायाम सोडल्यावर स्नायू वितळला, पण डीएनएवरची नोंद पूर्ण पुसली गेली नव्हती. एक जानेवारीला जिम लावून फेब्रुवारीत सोडणाऱ्या तमाम पुणेकरांना यात थोडा दिलासा आहे, पण पुन्हा सुरू करणाऱ्यालाच.

बिबवेवाडीच्या संदर्भात मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे आकडे मात्र परदेशातले नाहीत. ते इथून चार-पाच किलोमीटरवरच्या रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे आहेत. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. इथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे सगळ्याच बाबतींत लहान, पण सारख्या प्रमाणात नाही. स्नायू फार कमी, चरबी मात्र जवळपास राखलेली. २००४ मध्ये याज्ञिकांनी लंडनच्या जॉन युडकिन यांच्याबरोबर दोघांचा फोटो ‘लॅन्सेट’मध्ये छापला. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के.

म्हणजे गळती सुरू होते त्या पंचविशीत आपली टाकी मुळातच कमी भरलेली असते. जेवणानंतर रक्तात येणारी साखर मुख्यतः स्नायूच उचलतात, त्यामुळे हा प्रश्न दंडाच्या बेडकुळीचा नाही, मधुमेहाचा आहे.

आपल्याकडे व्यायाम म्हणजे चालणे. पहाटे तळजईवर नाहीतर सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारायच्या, टाळ्या वाजवायच्या, परतताना चहा घ्यायचा. चालणे उत्तमच. पण वर सांगितलेल्या आकड्यांमधला एकही आरामशीर चालण्याने आलेला नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये श्रीकुमारन नायर यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवले, की बारा आठवड्यांच्या दमछाक करणाऱ्या सायकलिंगने तरुणांच्या मायटोकाँड्रियाची क्षमता ४९ टक्क्यांनी वाढली आणि ६५ ते ८० वयाच्या मंडळींची ६९ टक्क्यांनी. म्हातारे पुढे! स्नायूचे वस्तुमान मात्र वजन उचलण्याने वाढते. स्नायूला दम लागला पाहिजे किंवा भार तरी झाला पाहिजे.

भार म्हणजे हमाली नव्हे. शेजारच्या मार्केट यार्डात ५० किलोचे पोते पाठीवर घेऊन दिवसभर खेपा घालणाऱ्याच्या वाट्याला ना विश्रांतीचा दिवस येतो, ना पुरेसे प्रथिन. प्रयोगातल्या माणसाला दोन्ही मिळतात, म्हणून त्याचा स्नायू भरतो आणि हमालाची कंबर मोडते. त्याला व्यायामाचे धडे देऊ नयेत.

बाकी आपण सगळ्यांनी, आणि साठी उलटलेल्यांनी आधी, रक्तदाब, हृदय आणि गुडघे डॉक्टरांना दाखवून आठवड्यातले दोन दिवस वजनासाठी राखावेत. जागतिक आरोग्य संघटनाही किमान दोनच दिवस सांगते. जिम परवडत नसेल तर हात न टेकता खुर्चीतून उठणे-बसणे आणि पाण्याच्या भरलेल्या बाटल्या यांनी सुरुवात होते. तळजई सोडू नका, पण फक्त तळजईवर भागवू नका.