पुरानंतरची खुशाली



उन्हाळा ऐन भरात आहे. जंगलात मोहफुले वेचून झाली, तेंदूपानांचा हंगाम तोंडावर आला. वैनगंगेच्या पात्रात वाळू तापली आहे आणि इरई तर पोरेसोरेही पायी ओलांडतात. अशा दिवसांत मी पुराविषयी बोलायला उभा राहिलो, हे काहींना अवेळीचे वाटेल. परंतु या विषयाची खरी वेळ हीच आहे. श्रावणात पाणी पुलावर चढले म्हणजे शहाणपणाचे चार शब्द ऐकायला कोणाला सवड नसते आणि सांगणाऱ्यालाही धीर नसतो.

आजचा विषय पूर हा नाही, पुरानंतरची विचारपूस हा आहे. आपले माणूस पुरात सापडले आहे की सुखरूप आहे, हे कसे कळावे, केव्हा कळावे आणि कळेपर्यंत आपण काय करावे, एवढाच प्रश्न मी आपल्यापुढे मांडणार आहे. प्रश्न लहान दिसतो, पण त्याच्या पायी माणसे जिवास मुकतात. दोन दिवस भावाचा निरोप नाही म्हणून कोणी वाहत्या पुलावर मोटारसायकल घालतो. भाऊ पलीकडे शाळेच्या इमारतीत सुरक्षित असतो आणि त्याला शोधायला निघालेला मात्र परत येत नाही. याच्या उलटही घडते. निरोप नाही म्हणजे सगळे ठीकच असेल, असे समजून आपण स्वस्थ बसतो आणि ज्याला खरोखर मदत हवी होती त्याचे नाव कोणाच्याच यादीवर चढत नाही.

वादळ हा समुद्रकाठच्या लोकांचा विषय, आपला नव्हे, असा आपला एक समज आहे. तो तपासून पाहिला पाहिजे. बंगालच्या उपसागरात जी कमी दाबाची क्षेत्रे आणि वादळे तयार होतात, त्यांतील पुष्कळशी ओडिशा किंवा आंध्रचा किनारा ओलांडून पश्चिमेकडे सरकतात आणि आपल्या डोक्यावरून जातात. २०२१ च्या सप्टेंबरात 'गुलाब' नावाचे चक्रीवादळ आंध्राच्या किनाऱ्यावर आले, त्याचा जोर ओसरला, पण त्याचे अवशेष तेलंगण, विदर्भ, मराठवाडा ओलांडून थेट अरबी समुद्रापर्यंत पोहोचले आणि तेथे त्यांतूनच दुसरे वादळ उठले. किनाऱ्यावरील लोक ज्याला वारा म्हणून ओळखतात, तोच पाहुणा आपल्या दारी पाणी होऊन येतो.

हे पाणीही सरळ मार्गाने येत नाही. २०२० च्या ऑगस्टच्या अखेरीस काय घडले ते आठवा. मुसळधार पाऊस पडला तो मुख्यतः वर मध्य प्रदेशात. तिकडच्या धरणांतून पाणी सुटले, ते वैनगंगेतून गोसीखुर्दला आले आणि त्या धरणाची ३३ दारे उघडावी लागली. मग पवनी, ब्रह्मपुरी, वडसा अशा क्रमाने पाणी खाली उतरत गेले. ब्रह्मपुरी तालुक्यातले लाडज हे गाव वैनगंगेच्या पाण्याने वेढले गेले आणि माणसांना बाहेर काढण्यासाठी बचावपथके पाठवावी लागली. ज्या गावात पाणी शिरले त्या गावावर पाऊस पडलाच पाहिजे, असा नियम नाही. खाली ऊन पडलेले असताना वरचा पूर येऊन धडकू शकतो.

दुसरा प्रकार तुंबण्याचा. वर्धा नदी भरून वाहू लागली की इरईचे पाणी तिच्यात शिरू शकत नाही, ते मागे फिरते आणि चंद्रपूर शहराच्या सखल वस्त्यांत येते. २०२२ च्या जुलैत रहमतनगरच्या लोकांनी हे अनुभवले. भामरागडला हेच मोठ्या प्रमाणावर घडते. तेथे पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तीन नद्यांचा संगम आहे. इंद्रावतीला पूर आला की पर्लकोटेचे पाणी तुंबते आणि आलापल्लीच्या रस्त्यावरचा जुना ठेंगणा पूल त्याखाली जातो. वर्षानुवर्षे, पावसाळ्यात एकदा नव्हे तर अनेकदा, भामरागड आणि लाहेरीकडची गावे अशी तुटत आली. २०१९ मध्ये तर पाणी गावातही शिरले. पुलाच्या अलीकडे हेमलकसा, तेथे १९७३ साली बाबा आमट्यांनी सुरू केलेल्या लोकबिरादरी प्रकल्पाचे रुग्णालय. अंतर चालत जाण्याइतके, पण पूल बुडाला की ते अंतर परदेशाइतके होते.

सिरोंच्याची गोष्ट आणखी निराळी. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीला मिळते आणि पुढे सोमनूरला इंद्रावतीही येऊन मिळते. म्हणजे भंडाऱ्याचे पाणी, यवतमाळचे पाणी, नांदेडचे पाणी आणि बस्तरचे पाणी, सगळ्यांचा हिशेब शेवटी त्या एका तालुक्यात होतो. १९८६ च्या ऑगस्टात आणि २०२२ च्या जुलैत गोदावरीला जे महापूर आले, त्यांची झळ त्या तालुक्याला बसली.

हा भूगोल मी अशासाठी सांगितला की, विचारपूस कोठे आणि केव्हा करावी हे त्यावरूनच ठरते. पुराला एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचायला काही तास, कधी दिवस लागतो. तेव्हा पवनीच्या माणसाने वडशाच्या मावशीला पूर ओसरल्यावर 'कशा आहात?' असे विचारण्यापेक्षा, पाणी आपल्या दारावरून जात असतानाच 'मावशी, दारे उघडली आहेत, गुरे सोडा, धान्य वर ठेवा' असे कळवणे शंभर पटींनी मोलाचे आहे. वरच्या गावाने खालच्या गावाला सांगत जावे, ही आपल्या नद्यांची शिकवण आहे. मात्र सांगताना शब्द नीट वापरावेत. 'दारे उघडली' आणि 'धरण फुटले' यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. एक चुकीचा शब्द कानोकानी गेला तर रात्रीच्या अंधारात अख्खे गाव पळत सुटेल.

आता निरोप का येत नाही, ते पाहू. भ्रमणध्वनीचा मनोरा विजेवर चालतो. वीज गेली की तो काही तास साठवलेल्या विजेवर किंवा डिझेलच्या यंत्रावर तग धरतो. रस्ता बुडाला की डिझेल पोहोचत नाही. मनोऱ्याला जोडणारी तार पुष्कळदा रस्त्याच्या कडेने पुरलेली असते. मोरी वाहून गेली की तारही जाते. मनोरा जिवंत असला तरी एकाच वेळी हजारो लोक फोन लावू लागल्याने मार्ग तुंबतो, अगदी पर्लकोटेसारखाच. आणि हे सगळे सुरळीत असले तरी आपल्या माणसाच्या हातातला फोन विझलेला असतो, कारण घरात दोन दिवस वीज नसते. म्हणजे फोन न लागण्याची चार-पाच कारणे आहेत आणि त्यांपैकी एकाचाही अर्थ 'माणूस गेले' असा होत नाही. ३ जून २०२० रोजी कोकणावर 'निसर्ग' चक्रीवादळ आले, तेव्हा रायगड-रत्नागिरीतील कित्येक गावांची वीज आणि फोन अनेक दिवस बंद होते. मुंबईची चाकरमानी मंडळी रात्रंदिवस फोन लावत बसली, साथीच्या निर्बंधांमुळे त्यांना गावीही जाता येत नव्हते. घरांची कौले उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, पण बहुतेकांची माणसे सुखरूप होती. फक्त ते सांगायला वाट नव्हती.

यास्तव पहिला नियम असा की, बोलण्याचा हट्ट सोडून लेखी संदेश पाठवावा. बोलण्याला मार्ग सतत मोकळा लागतो. दोन ओळींचा लेखी संदेश मात्र मार्ग मिळेपर्यंत थांबतो आणि फट सापडली की निसटून जातो. आपल्या वाडवडिलांना ही कला अवगत होती. त्यांच्या पोस्टकार्डाच्या आरंभी आपली खुशाली असे आणि शेवटी तुमची कळवण्याची विनंती. तारेत तर शब्दाशब्दाला पैसे पडत, म्हणून माणसे मोजके लिहीत. ती तार २०१३ च्या जुलैत बंद झाली, पण तिचा धडा संपलेला नाही. दुसऱ्या महायुद्धात रेडक्रॉसमार्फत ताटातूट झालेल्या कुटुंबांचे निरोप जात, त्यांना २५ शब्दांची मर्यादा होती. पंचवीस शब्दांत लोकांनी जन्म, मृत्यू आणि 'आम्ही आहोत' हे सारे कळवले. तेव्हा पुरातल्या माणसानेही एवढेच कळवावे: कोण आहोत, किती आहोत, कोठे आहोत, काय हवे आहे.

दुसरा नियम, घरागणिक एक केंद्र ठरवावे. समजा, तुमचे कुटुंब आरमोरी, गडचिरोली आणि अहेरी असे विखुरलेले आहे आणि आत्याबाई नागपूरला आहेत. पूर आला की सगळ्यांनी सगळ्यांना फोन करण्याऐवजी प्रत्येकाने फक्त आत्याबाईंना आपली खुशाली कळवावी आणि ज्याला विचारायचे असेल त्याने त्यांनाच विचारावे. पुराच्या टापूबाहेर राहणारे माणूस निवडावे, कारण त्याच्या घरी वीज असते आणि डोके शांत असते. त्यांचा नंबर फोनमध्ये असून पुरत नाही, तो कागदावर लिहून घरातल्या प्रत्येकाजवळ असावा. फोन विझला की त्यातले सगळे नंबरही विझतात.

तिसरा नियम, कोणाला विचारावे ते आधीच ठाऊक असावे. गावात पोलीसपाटील असतो, कोतवाल असतो, आशाताई आणि अंगणवाडीताई असतात. कोणत्या घरी कोण म्हातारे आहे, कोणती सून दिवसांत आहे, हे त्यांना तोंडपाठ असते. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. तेथे फोन केलात तर 'आमच्या लोकांचे बघा हो' एवढे म्हणून भागत नाही. गाव आणि टोला सांगा, माणसे किती ते सांगा, आजारी, गरोदर किंवा अपंग कोणी आहे काय ते सांगा, आणि शेवटचे बोलणे केव्हा झाले ते सांगा. आणि माणूस सापडले की तेही आवर्जून कळवा. ज्याचा शोध लागला त्याच्यासाठी नाव पुन्हा पाण्यात घातली जाऊ नये, कारण दुसरा कोणी त्याच नावेची वाट पाहत असतो.

चौथा नियम सर्वांत कठोर आहे. पाणी पुलावर असेल तर जाऊ नये. वाहते पाणी सहा इंच असले तरी उभ्या माणसाचा पाय उचलते. फूटभर असले तर लहान मोटार तरंगू लागते. पुलाचा कठडा गेला आहे की रस्ता खचला आहे, हे गढूळ पाण्यातून दिसत नाही. माया मोठी असते, मान्य. पण नदीला नाते समजत नाही. पलीकडे असलेल्या माणसावर आपल्या मरणाचे ओझे टाकणे ही विचारपूस नव्हे.

पाणी उतरले, रस्ता खुला झाला, म्हणजे अवश्य जावे. आपल्या भाषेत 'समाचार घेणे' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, चौकशी करणे आणि खरडपट्टी काढणे. पुरानंतर गेलेल्या पाहुण्याने पहिल्याच अर्थाने समाचार घ्यावा. 'नदीकाठी घर बांधायलाच नको होते' हे शहाणपण त्या दिवशी घरी ठेवावे. नुकसान किती झाले, हेही पहिल्या वाक्यात विचारू नये. जेवण झाले काय, झोप लागते काय, हे विचारावे. रिकाम्या हाताने जाऊ नये. कोरडे कपडे, आगपेटी, मीठ-तेल, म्हाताऱ्यांची औषधे न्यावीत. विहिरीचे पाणी शुद्ध करून घेतले आहे काय ते पाहावे, अडगळीत हात घालण्याआधी साप-विंचू पाहायला सांगावे. पंचनामा झाला नसेल तर चिखल उपसण्यापूर्वी नुकसानीची छायाचित्रे काढून द्यावीत आणि भिजलेले सातबारा, शिधापत्रिका सावलीत वाळत घालावेत. ही कामे क्षुल्लक दिसतात, पण ज्याचे घर गेले आहे त्याचे हात त्या दिवशी चालत नाहीत.

शेवटची गोष्ट. आतापर्यंत मी ज्यांना विचारणारे कोणी आहे त्यांच्याविषयीच बोललो. पण आपल्या जिल्ह्यांत असे टोले आहेत जिथे मनोऱ्याची सावलीही पोहोचत नाही आणि ज्यांचे एकही नातलग नागपूर-मुंबईला नाही. भामरागडच्या रानातल्या माडिया म्हातारीला कोणी संदेश पाठवणार नाही. वीटभट्टीवर आलेल्या मजुराचे गाव कोणते, हे भट्टीवाल्यालाही नीट ठाऊक नसते. शहरातही नदीकाठच्या खोलीत एकटा राहणारा कोणी असतोच. त्यांची खुशाली विचारणार कोण? जो जवळ आहे तो. रानातल्या टोल्यांविषयी शेजारच्या गावाने पोलीसपाटलाला विचारावे, मजुरांची नावे आणि त्यांच्या गावचा पत्ता भट्टीवाल्याने पावसाळ्यापूर्वी वहीत उतरवावा आणि गल्लीतल्या एकट्या माणसाचे दार गल्लीनेच वाजवावे.

म्हणून सभा संपल्यावर घरी गेलात की एक कागद घ्या. त्यावर आपल्या केंद्राचा नंबर लिहा, १०७७ लिहा आणि खाली आपल्या गल्लीतले असे एक नाव लिहा, ज्याची चौकशी करणारे दुसरे कोणी नाही. नाव आठवले नाही, तर पावसाळ्याला अजून अवकाश आहे. तोवर गल्लीत हिंडून विचारा.