प्रवराकाठची रोमक खूण

अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, ईशान्येस सुमारे 60 किलोमीटरांवर प्रवरेच्या दोन्ही तीरांवर वसलेल्या नेवाशास येणारा यात्रेकरू, शके 1212 मध्ये ज्या खांबाच्या सान्निध्यात ज्ञानेश्वरांनी गीतेवरील आपली टीका सांगितली असे परंपरा मानते, त्या पैसाच्या खांबास वंदन करून बहुधा परततो. परंतु लाडमोड नावाच्या पांढरीच्या टेकाडावर घटकाभर हिंडल्यावाचून नेवाशाचे दर्शन पुरे झाले, असे मला म्हणवत नाही.

रोमक नगरांचे भग्नावशेष म्हटले की संगमरवरी स्तंभ, प्रेक्षागारे आणि फरसबंद राजमार्ग डोळ्यांपुढे येतात. लाडमोडवर यांतले काहीच नाही. तथापि पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. शां. भा. देव प्रभृती संशोधकांनी 1954 ते 1956 या काळात, आणि पुन्हा 1959 ते 1961 या काळात, येथे जे उत्खनन केले त्यात या मातीने आपले सारे दप्तर उलगडून दाखविले. वर मुसलमानी व मराठा अमदानीची वस्ती; तिच्याखाली, मधल्या कित्येक शतकांच्या ओसाडीनंतर, सातवाहनकालीन नांदते गाव; त्याखाली ताम्रपाषाणयुगातील शेतकऱ्यांची घरे आणि रांजणांत पुरलेली त्यांची लेकरे; आणि नदीच्या दगडगोट्यांच्या थरांत तर अश्मयुगीन मानवाची हत्यारे.

या थरांपैकी सातवाहनकालीन थरास संशोधकांनी भारत-रोमक काळ म्हटले, कारण त्यात भूमध्य समुद्राकाठी घडविलेल्या, मद्य व तेल वाहून नेणाऱ्या दोन कानांच्या उंच कुंभांची खापरे मिळाली. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने आपल्या सागरी वृत्तांतात भडोच बंदरात उतरणाऱ्या इटालियन मद्याची नोंद केली आहे, आणि पैठण व तेर येथील माल गाड्यांतून त्याच बंदराकडे जात असल्याचेही लिहिले आहे. पैठण ही सातवाहनांची राजधानी, आणि नेवाशाच्या पुढे प्रवरा ज्या गोदावरीस मिळते तिच्याच काठी ती वसलेली. तेव्हा त्या उदिमाचा ओघ या कसब्यापर्यंत पोचावा हे स्वाभाविकच होते. रोमची सेना ज्या मुलखात कधी आली नाही, तेथे रोमचा जिन्नस सौदागरांच्या हातांनी आला, ही गोष्ट मला विजयस्तंभांहून अधिक मोलाची वाटते.

धाब्यासाठी वा शेतासाठी पांढरी उपसण्याची वहिवाट आपल्याकडे जुनी आहे. परंतु आपल्या थरातून निखळलेले खापर साक्ष देण्यास असमर्थ होते, आणि एकदा उपसलेला थर कोणत्याही सरकारी हुकुमाने पुन्हा रचता येत नाही. पैसाचा खांब पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्या नेवासकरांनी हे टेकाडही त्याच निष्ठेने जपावे, आणि पाहावयास येणाऱ्याने तेथील एकही तुकडा खिशात घालू नये, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे.