फोन काढून घेण्याआधी

‘लातूर पॅटर्न’च्या शिकवणीच्या ओढीने गावोगावची सोळा-सतरा वर्षांची मुलं मेडिकल प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या तयारीसाठी लातूर-नांदेडला खोली करून किंवा होस्टेलवर राहतात. क्लासच्या नोट्स, टेस्टचे मार्क, आईशी रात्रीचं बोलणं, सगळं मोबाइलवरच; त्यामुळे ‘फोनच देऊ नका’ हा सल्ला इथे टिकत नाही. फोन काढून घेण्याचा धाक तर उलटा पडतो. ‘फोटो व्हायरल करीन’ म्हणत पैसे उकळणाऱ्याचं सगळं बळ ‘घरी कळलं तर शिक्षण बंद’ या भीतीत असतं, मुलींच्या बाबतीत तर जास्तच. धाक नसेल तर मुलं शेफारतील, असं पालक म्हणतात. पण वापराला शिस्त लावणं वेगळं, फसलेल्या लेकराला शिक्षा करणं वेगळं. सांगायला आलेल्याला आधी ‘बरं झालं सांगितलंस’ म्हणावं. चॅट डिलीट करू नये, समोरच्याचा नंबर-आयडी जपून ठेवावा, पैसे गेले असतील तर लगेच सायबर हेल्पलाइन १९३० ला कळवावं. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. आणि शाळेच्या बदनामीच्या भीतीपोटी प्रकरण मिटवू पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं: अल्पवयीन मुलाच्या लैंगिक छळाची माहिती असूनही पोलिसांना न कळवणं हा पोक्सो कायदा, २०१२ नुसार गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.