पॉइंटांची हुंडी कोठे वटते?

विमानाचे तिकीट काढणारा आजचा प्रवासी एकाच किमतीत दोन वस्तू विकत घेत असतो. त्यांपैकी पहिली, म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावी नेणारे आसन, ही त्याला प्रत्यक्ष दिसते, तिचा भाव तो चार ठिकाणी विचारून ठरवतो, आणि प्रवास संपला की तिच्यापुरता व्यवहारही संपतो. परंतु दुसरी, म्हणजे कंपनीने त्याच्या खाती जमा केलेले पॉइंट आणि त्यांच्या मोबदल्यात पुढे केव्हातरी प्रवास घडवून देण्याचे वचन, ही अदृश्य असल्यामुळे तिची पारख क्वचितच कोणी करतो. ज्या मराठी कुटुंबांचे पूर्वज शिंदेशाहीच्या चाकरीनिमित्त क्षिप्रेच्या काठी येऊन उज्जैनकर झाले, त्यांची मुले-नातवंडे आज पुण्यात, बंगळुरात, दुबईत आणि अमेरिकेत नांदत आहेत. मुंज असो, बाळंतपण असो की वडीलधाऱ्यांचे आजारपण असो, विमानाचे भाडे हे आता अशा घरांच्या जमाखर्चातले नेहमीचे कलम झाले आहे. आणि जो खर्च कष्टाच्या व बेताच्या पैशातून होतो, त्याच्यासोबत येणाऱ्या वचनाचीही कसून तपासणी झाली पाहिजे.

ही तपासणी कशी करावी, हे शिकण्यासाठी उज्जैनच्या माणसाला दूर जाण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदराकडे जात असताना तिचा पैसा इंदूर-उज्जैनच्या सराफी पेढ्यांतून हुंड्यांच्या रूपाने फिरत असे. हुंडी हेही वचनच होते, आणि ते हाती घेणारा व्यापारी चार गोष्टी पाहिल्यावाचून ते स्वीकारीत नसे: हुंडी कोणत्या पेढीची आहे, ती कोणत्या गावी वटेल, वटवताना बट्टा किती बसेल, आणि तिची मुदत काय आहे. विमान कंपन्यांच्या फ्रीक्वेंट फ्लायर योजनांमधून आपल्याला सोयीची योजना निवडताना हेच चार प्रश्न याच क्रमाने विचारले, तर जाहिरातींनी उडवलेला बहुतेक धुरळा आपोआप खाली बसतो.

पेढी कोणती?

१८८१ च्या परक्राम्य दस्तऐवजांच्या कायद्याने देशी भाषांतील हुंड्यांसंबंधीची स्थानिक वहिवाट शाबूत ठेवली, त्यामुळे हुंडी धारण करणाऱ्याच्या हक्काला आधार राहिला. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, १ मे १९८१ रोजी, अमेरिकन एअरलाइन्सने आपली ‘अ‍ॅडव्हान्टेज’ योजना सुरू केली. १९७८ च्या कायद्याने अमेरिकेतील विमानभाड्यांवरचे सरकारी नियंत्रण उठले होते आणि स्पर्धा जिवावर बेतली होती, तेव्हा गिऱ्हाईक बांधून ठेवण्यासाठी काढलेली ही युक्ती इतर कंपन्यांनी तत्काळ उचलली आणि पाहता पाहता ती जगभर रूढ झाली. परंतु या नव्या वचनाला हुंडीची कायदेशीर बळकटी कधीच लाभली नाही. बहुतेक योजनांच्या शर्ती एकतर्फी असतात. पॉइंट ही सभासदाची मालमत्ता नसून कंपनीने दिलेली सवलत आहे, आणि तिचे नियम बदलण्याची मुखत्यारी कंपनीकडे आहे, असे त्या करारनाम्यात स्पष्ट लिहिलेले असते. नॉर्थवेस्ट एअरलाइन्सने २००८ साली एका सभासदाचे खाते बंद केले आणि त्याने सद्भावनेच्या तत्त्वाचा आधार घेऊन दाद मागितली, तेव्हा १९७८ चा तोच कायदा आड येतो असे ठरवून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली निकाल कंपनीच्या बाजूने दिला.

पेढी बुडाली तर काय होते, याची उदाहरणे आपल्याच देशात आहेत. किंगफिशरची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये जमिनीवर आली, आणि त्या कंपनीच्या ‘किंग क्लब’च्या सभासदांकडे जमा असलेल्या पॉइंटांना ज्या विमानांत बसायचे ती विमानेच उरली नाहीत. जेट एअरवेजचे उड्डाण १७ एप्रिल २०१९ रोजी थांबले. परंतु तिची ‘जेटप्रिव्हिलेज’ ही योजना एका स्वतंत्र कंपनीच्या ताब्यात असल्यामुळे विमान कंपनी बंद पडूनही सभासदांची खाती ‘इंटरमाइल्स’ या नव्या नावाने पुढे चालू राहिली. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा तिच्या सभासदांचे पॉइंट एअर इंडियाच्या ‘महाराजा क्लब’मध्ये वर्ग करण्यात आले. एकूण पाहता, वचन पाळले जाणे हे वचन देणाऱ्याच्या आर्थिक प्रकृतीवर आणि मर्जीवर अवलंबून असते. म्हणून पॉइंटांचा साठा करून ठेवण्यात शहाणपणा नाही.

कोठे वटेल?

दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असून तो सर्वांत कमी विचारला जातो. उज्जैनकराचा विमानतळ म्हणजे सुमारे ५५ किलोमीटरवरचा इंदूरचा देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ. त्यामुळे एखाद्या योजनेचे बक्षीस मुंबई-दिल्लीच्या प्रवाशाला कितीही मोलाचे वाटत असले, तरी ती कंपनी इंदूरहून आपल्याला हव्या त्या गावी जात नसेल, तर उज्जैनच्या घरात तिच्या पॉइंटांचे मोल निम्म्याहून कमी होते; कारण ते वटवण्यासाठी आधी पदरचे भाडे भरून दुसऱ्या शहरी पोचावे लागते.

इंदूरहून सर्वाधिक विमाने इंडिगोची सुटतात. या कंपनीची ‘ब्लूचिप’ ही योजना २०२४ मध्ये सुरू झाली. इंडिगो कोणत्याही जागतिक विमान-संघात सामील नाही, त्यामुळे तिच्या पॉइंटांचा मुख्य उपयोग तिच्याच विमानांत होतो. परंतु ज्यांचा प्रवास पुणे, मुंबई, बंगळूर, हैदराबाद एवढ्याच वर्तुळात फिरतो, त्यांना ही मर्यादा फारशी जाचक नाही. एअर इंडियाची गोष्ट निराळी आहे. तिची इंदूरहून सुटणारी विमाने संख्येने कमी असली, तरी ती जुलै २०१४ पासून ‘स्टार अलायन्स’ या विमान-संघाची सदस्य आहे, आणि म्हणून ‘महाराजा क्लब’चे पॉइंट सिंगापूर एअरलाइन्स, लुफ्तान्सा, युनायटेड अशा भागीदार कंपन्यांच्या विमानांतही वटवता येतात. सारांश, देशातल्या देशात फिरणाऱ्या कुटुंबाने इंडिगोकडे आणि समुद्रापलीकडे जाणाऱ्या कुटुंबाने एअर इंडियाकडे किंवा त्या संघातील दुसऱ्या एखाद्या कंपनीकडे कल ठेवावा, हे सर्वसाधारण सूत्र म्हणता येईल. खाते उघडायला पैसे पडत नाहीत, म्हणून दोन्हीकडे नावे नोंदवण्यास हरकत नाही. मात्र चार-पाच योजनांत थोडे थोडे पॉइंट विखुरले, तर कोठेच एका तिकिटापुरतेही जमत नाहीत.

बट्टा किती?

पूर्वी पॉइंट मिळत ते प्रवासाच्या अंतरावरून. डेल्टा आणि युनायटेड यांनी २०१५ साली, अमेरिकन एअरलाइन्सने २०१६ साली आणि एअर इंडियाने २०२४ साली हा पाया बदलून खर्च केलेल्या रुपया-डॉलरवर पॉइंट देण्यास प्रारंभ केला. या बदलाचा अर्थ असा, की महिनोन्‌महिने आधी स्वस्त तिकीट काढणाऱ्या काटकसरी गृहस्थाला आता कमी मिळते, आणि कंपनीच्या पैशाने ऐनवेळी महाग तिकीट काढणाऱ्या अधिकाऱ्याला अधिक.

वटवताना बट्टा किती बसतो हे कळण्यासाठी पॉइंटची खरी किंमत काढावी लागते, आणि तिची रीत सोपी आहे. ज्या तिकिटावर पॉइंट खर्च करायचे त्याचे रोख भाडे घ्यावे, त्यातून पॉइंटांच्या तिकिटावरही रोखीने भरावे लागणारे कर व शुल्क वजा करावे, आणि उरलेल्या रकमेला लागणाऱ्या पॉइंटांनी भागावे. समजा, इंदूर-बंगळूर तिकीट ६,२०० रुपयांचे आहे, आणि तेच ८,००० पॉइंट अधिक १,००० रुपये इतक्यात मिळते. तर ५,२०० ला ८,००० ने भागून एका पॉइंटचे मोल ६५ पैसे ठरते. रोख तिकीट घेतले असते तर त्यावर नवे पॉइंट मिळाले असते, तेही या हिशेबातून वजा केले पाहिजेत. असा हिशेब दोन-तीन निरनिराळ्या तारखांचा केला, की कोणत्या योजनेचा पॉइंट किती पैशांचा आहे हे कागदावर उतरते, आणि मग एकीकडे शंभर रुपयांमागे दहा पॉइंट मिळतात व दुसरीकडे सहाच, या जाहिरातीने मन डळमळत नाही.

एका सापळ्यापासून मात्र विशेष जपले पाहिजे. बिझनेस क्लासचे ९०,००० रुपयांचे तिकीट ४०,००० पॉइंट आणि १०,००० रुपये इतक्यात मिळाले, तर एका पॉइंटचे दोन रुपये वसूल झाले असे सांगितले जाते. परंतु ज्या गृहस्थाने ९०,००० रुपये स्वतःच्या खिशातून कधीच दिले नसते आणि ३०,००० रुपयांच्या साध्या तिकिटावर तो समाधानाने गेला असता, त्याच्यापुरती खरी बचत २०,००० रुपयांची, म्हणजे पॉइंटमागे ५० पैशांची आहे. वृद्ध आई-वडिलांना पंधरा-सोळा तासांच्या प्रवासात पाठ टेकता यावी म्हणून पॉइंट असे खर्चावेत, तो खर्च सार्थकी लागतो. तथापि तो सुखाचा खर्च आहे, बचत नव्हे, हे खतावणीत स्पष्ट असावे.

मुदत काय?

हुंडीची मुदत भरली की पैसे हाती येत. पॉइंटांची मुदत भरली की ते रद्दबातल होतात. ज्यांची मुले परदेशी आहेत अशा आई-वडिलांनी हा भेद विशेष लक्षात ठेवावा, कारण त्यांचा प्रवास लांबचा, महागडा आणि तीन-चार वर्षांतून एकदा होणारा असतो. सिंगापूर एअरलाइन्सच्या ‘क्रिसफ्लायर’मधील आणि एमिरेट्सच्या ‘स्कायवर्ड्स’मधील माइल्सना, म्हणजे तेथील पॉइंटांना, तीन वर्षांची मुदत असते, म्हणजे एका अमेरिकावारीचे संचित दुसऱ्या वारीपर्यंत टिकेलच असे नाही. याउलट युनायटेडच्या ‘माइलेजप्लस’मधील माइल्सना २०१९ पासून मुदतच राहिलेली नाही. एअर इंडिया आणि युनायटेड एकाच संघात असल्यामुळे, एअर इंडियाच्या विमानाने केलेला प्रवासही, तिकिटाचा वर्ग पात्र असल्यास, युनायटेडच्या खात्यावर जमा करता येतो. एक प्रवास मात्र एकाच खात्यावर जमा होतो, दोन ठिकाणी नव्हे. आणि स्वस्तातल्या काही वर्गांवर भागीदार योजनेत अत्यल्प किंवा शून्य माइल्स मिळतात, म्हणून तिकीट काढण्याआधीच त्या वर्गाचे अक्षर भागीदाराच्या तक्त्यात पाहून घ्यावे. काही योजना कुटुंबाचे पॉइंट एकत्र करू देतात. आजी, आजोबा, सून, मुलगा अशा चौघांच्या खात्यांत पडलेली चिल्लर एका तिकिटाइतकी होते ती अशाच सोयीमुळे.

आणखी दोन गोष्टी दिसायला लहान आहेत, पण त्यांवाचून सारा हिशेब फुकट जातो. योजनेच्या खात्यातील नाव पासपोर्टावरील नावाशी तंतोतंत जुळले पाहिजे. वडिलांचे नाव मध्ये घालण्याच्या आपल्या रीतीमुळे येथे वारंवार तफावत पडते आणि पॉइंट जमा होत नाहीत. तसेच पॉइंट खात्यावर दिसेपर्यंत बोर्डिंग पास जपून ठेवावा, कारण राहून गेलेल्या पॉइंटांची मागणी करताना तोच दस्तऐवज कामी येतो.

कार्डाचा मोह

या योजनांचा खरा पैसा आता विमानात नाही, बँकेत आहे. विमान कंपन्या आपले पॉइंट बँकांना घाऊक विकतात आणि बँका ते क्रेडिट कार्डावरील खर्चाच्या बदल्यात आपल्याला देतात. हा व्यापार किती मोठा आहे, हे २०२० साली सर्वांना कळले, जेव्हा महामारीने विमाने उभी राहिली असताना युनायटेडने आपली ‘माइलेजप्लस’ योजना तारण ठेवून अब्जावधी डॉलर उभे केले, आणि त्या वेळी या योजनेचे मूल्य सुमारे २२ अब्ज डॉलर सांगण्यात आले.

म्हणून कार्ड घेताना हिशेब पुन्हा मांडावा. समजा, कार्डाची वार्षिक फी ५,००० रुपये आहे. तिच्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून ५,९०० होतात. पॉइंटचे मोल ६५ पैसे आणि शंभर रुपयांमागे दोन पॉइंट, असे धरले तर नुसती फी भरून काढण्यास सुमारे साडेचार लाखांचा खर्च कार्डावर व्हावा लागतो. ज्या घराचा खर्च मुळातच एवढा आहे आणि बिल दरमहा पूर्ण चुकते होते, तेथे हे कार्ड शोभते. परंतु बिल थकले, तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सालिना चाळीस टक्क्यांच्या घरात व्याज लागते, आणि शंभर रुपयांवर मिळणारे सव्वा-दीड रुपयाचे पॉइंट त्या व्याजापुढे क्षणभरही टिकत नाहीत. थकबाकी ठेवणाऱ्याने अशा कार्डाच्या वाटेला जाऊच नये, असे मी निःसंकोचपणे सांगेन.

या साऱ्या विवेचनाचा निष्कर्ष असा, की सर्वांसाठी उत्तम अशी योजना अस्तित्वात नाही. आपला विमानतळ, आपल्या आप्तांची गावे आणि आपल्या दोन प्रवासांमधील अंतर यांनी ती ठरते. पॉइंटांसाठी आठशे रुपये अधिक देऊन दीडशे रुपयांचे पॉइंट घेऊ नयेत. सोयीच्या वेळेचे स्वस्त तिकीट आधी पाहावे आणि पॉइंट हा त्याच्या मागून येणारा लाभ मानावा. दरसाल दिवाळीत, घरच्या वह्यांचा मेळ घालताना, या खात्यांचाही मेळ घालावा, मुदत जवळ आलेले पॉइंट हेरावेत आणि एका तिकिटाइतके जमले असतील तर ते विनाविलंब वटवून टाकावेत: मुलीच्या बाळंतपणाला आईला पाठवावे, किंवा परगावी शिकणाऱ्या नातवाला चार दिवस घरी आणावे. असे वचन वटवण्यातच शहाणपण आहे, आणि ते आपल्या माणसांच्या भेटीसाठी वटले, तर त्याहून चोख वसुली दुसरी नाही.