चौकट व तिची नवी आवृत्ति

जुन्नर शहरांतील जुने वाडे ज्यांनीं पाहिले असतील त्यांस ठाऊक आहे कीं, आधीं खांब व तुळया यांचा सांगाडा उभा करीत आणि मग भिंती भरीत. भिंत फोडून खिडकी काढतां येते. खांब हलविला तर माडीच खालीं येते. इंटरनेटवर चालणाऱ्या प्रोग्रामांचेंहि असेंच आहे. परवलीचा शब्द तपासणें, माहिती साठविणें, पडद्यावर तक्ता दाखविणें हीं कामें बहुतेक प्रोग्रामांत सारखींच असतात. म्हणून तीं एकदां नीट लिहून इतरांस वापरावयास देतात. या तयार सांगाड्यास फ्रेमवर्क म्हणतात. आम्ही त्यास चौकट म्हणूं.

अशी एक चौकट आपल्या मुंबईंत तयार झाली आहे. तिचें नांव फ्रॅपे. श्री. ऋषभ मेहता यांच्या घरीं फर्निचरचा धंदा होता. त्याचा हिशेब व माल यांची व्यवस्था लावण्याच्या खटपटींतून या कामाचा उगम झाला, व २००८ सालीं त्यांनीं कंपनी काढली. धंद्याचे व्यवहार संभाळणारा ईआरपीनेक्स्ट हा प्रोग्राम याच चौकटीवर उभा आहे. दोहोंचें लिखाण कोणासहि वाचतां, वापरतां व बदलतां येतें. तिची खुबी अशी कीं, 'डॉकटाइप' नांवाच्या नमुन्यांत विद्यार्थ्याचें नांव, इयत्ता, फी असे रकाने नेमून दिले, म्हणजे माहितीचा तक्ता आणि भरावयाचा अर्ज दोन्ही चौकटच तयार करते.

अडचण पुढेंच आहे. चौकट सुधारावी तर लागते, पण तिच्यावर दुसऱ्यांचीं घरें उभीं असतात. नारायणगांवच्या एखाद्या व्यापाऱ्याचा टोमॅटोचा हिशेब तिच्यावर चालत असला, आणि ऐन हंगामांत एक खांब हलला, तर त्यानें दाद कोणाकडे मागावी? म्हणून फ्रॅपेंत नवें काम एका वेगळ्या शाखेंत चालतें, व १४ वी (२०२२), १५ वी (२०२३) अशा आवृत्त्या आपापल्या शाखांत राहून त्यांस दुरुस्त्या मिळत गेल्या. नव्या आवृत्तींत जातांना जुनी माहिती नव्या रकान्यांत बसविणाऱ्या 'पॅच'ची यादी क्रमानें चालते, आणि एकदां चाललेला पॅच पुन्हां चालूं नये म्हणून त्याची नोंद ठेवली जाते.

नवी आवृत्ति केव्हां काढावी? सर्व मनासारखें होईपर्यंत थांबलें तर ती कधींच निघत नाहीं. द्राक्षाचा बागाइतदार एप्रिलांत खरडछाटणी व ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करतो. एखादी वेल मागें राहिली म्हणून सारा बाग थांबवीत नाहीं. अमेरिकेंतील लॉरेन्स गांवच्या एका वर्तमानपत्राच्या कचेरींत जन्मलेली व २००५ सालीं सर्वांस खुली झालेली जँगो ही चौकट याच रीतीनें चालते. सुमारें आठ महिन्यांनीं तिची नवी आवृत्ति निघते. अल्फाची वेळ आली कीं नव्या गोष्टींचें दार बंद. राहिलें तें पुढच्या खेपेस. त्यानंतर फक्त चुका काढावयाच्या. आमच्या मतें हा कठोरपणा योग्य आहे, कारण तारीख ठाऊक असली तर वापरणाऱ्यास तयारी करतां येते.

टाकावयाची गोष्टहि जँगो एकदम टाकीत नाहीं. ती निदान दोन आवृत्त्या तशीच चालूं देऊन सूचना देत राहते. (पवित्र शास्त्राची सुधारलेली आवृत्ति आली तरी आमच्या मंडळींतील वडील माणसांच्या हातीं जुनीच असते, त्याची येथें आठवण होते!) शिवाय कांहीं आवृत्त्यांस दीर्घ मुदत असते. एप्रिल २०२३ मधील ४.२ या आवृत्तीच्या सुरक्षेच्या दुरुस्त्यांची मुदत एप्रिल २०२६ पर्यंत ठरली होती. मुदत सरल्यावर प्रोग्राम बंद पडत नाहीं, आणि धोका याच गोष्टींत आहे. तो पूर्वींसारखाच चालतो, मात्र त्याच्यांत नवें भगदाड सांपडलें तर तें बुजविणारा कोणी नसतो. दुकानाचा किंवा पतपेढीचा प्रोग्राम करून घेणाऱ्या पालकांनीं किंमतीआधीं एवढें विचारावें: चौकट कोणती, आवृत्ति कितवी, आणि तिची मुदत कोणत्या महिन्यापर्यंत?