विद्यार्थ्यांस करंजाची ओळख

ओढ्याकांठच्या करंजाखालीं दुपारचा विसावा घेतला नाहीं असा शेतकरी विरळा. परंतु त्याच्याच शाळेंत जाणाऱ्या मुलास हें झाड ओळखतां येईल, अशी खात्री आज देतां येत नाहीं. ज्याची ओळख नाहीं त्याची किंमतही वाटत नाहीं, आणि बांधावरचा करंज सरपणासाठीं सहज तोडला जातो. यास्तव पालकांनीं व शिक्षकांनीं मुलांस हें झाड कसें दाखवावें, तें आम्ही थोडक्यांत सांगतों.

प्रथम नांवाचा घोटाळा दूर करावा. इंग्रजींत करंजास ‘इंडियन बीच’ म्हणतात. परंतु युरोपांतील खरा बीच ओक वृक्षाच्या कुळांतील असून त्याचें पान साधें असतें. आपला करंज तूर, हरभरा व पळस यांच्या शिंबावर्गांतील होय. तसेंच ‘लताकरंज’ म्हणजे सागरगोटा. ती कांटेरी वेल निराळी.

आतां खुणा पाहूं. करंजाचें पान संयुक्त असतें. एका देठावर ५ ते ९ चकचकीत पर्णिका समोरासमोर येतात व एक टोंकाशीं असते. नवी पालवी आरंभीं तांबूस व मग पोपटी दिसते. उन्हाळ्यांत पांढऱ्या-जांभळट फुलांचे घोस येतात आणि झाडाखालीं सडा पडतो. यांतील एक फूल वाटाण्याच्या फुलाशेजारीं ठेवावें, म्हणजे दोघांचें कूळ मुलांच्या आपोआप ध्यानांत येईल. शेंग चपटी, कठीण व टोंकाशीं किंचित् चोंच असलेली असते. आंत बहुधा एकच बी. ती वाटाण्याप्रमाणें आपण होऊन उकलत नाहीं, पण पाण्यावर तरंगते. म्हणूनच नदीनाल्यांच्या व खाड्यांच्या कांठीं करंज आपोआप पसरलेला आढळतो.

या झाडाचा शेतीशीं संबंध निकटचा आहे. त्याच्या मुळांवर गांठी असतात. त्यांतील सूक्ष्म जंतु हवेंतील नत्र झाडास मिळवून देतात. किंचित् खारवट जमिनींतही तें तग धरतें. बियांत सुमारें चौथा ते तिसरा हिस्सा तेल निघतें. तें कडू व अखाद्य असून दिव्यासाठीं, साबणासाठीं व त्वचारोगांवर वापरीत आले आहेत. अलीकडे त्यापासून डिझेलऐवजीं चालणारें इंधनही करतां येतें. उरलेल्या पेंडींत शेंकडा सुमारें ४ नत्र असतें. ती जमिनीस खत म्हणून द्यावी. कच्ची पेंड गुरांस मात्र घालूं नये. बी खाण्याजोगें नाहीं, ही सूचना मुलांस पहिल्याच दिवशीं द्यावी.

शेवटीं एक काम मुलांकडून अवश्य करवून घ्यावें. उन्हाळ्यांत शेंगा गोळा करून त्या हळूच फोडाव्या आणि पावसाच्या आरंभीं ताजें बी पेरावें. त्यास कसलाही संस्कार लागत नाहीं. साधारण दोन आठवड्यांत कोंब वर येतो. रोप वाढल्यावर तें ओढ्याकांठीं अगर पडीक बांधावर लावावें. पांचसात वर्षांत तें फळास येतें. चौथ्या इयत्तेंत रोप लावणारा मुलगा शाळा सोडण्याच्या सुमारास त्याच्या शेंगा वेंचील. त्या झाडावर कुऱ्हाड चालवूं देण्यापूर्वीं तो दोनदां विचार करील, असा आमचा भरंवसा आहे.